खोकला काय सांगतो?



जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरी नावाचे गाव आहे. कापूस आणि ऊस पिकविणारा हा भाग. माघातल्या एखाद्या थंड पहाटे या गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत निघालात, तर काय काय ऐकू येईल? कोंबडे आरवतील, उसाने भरलेला ट्रॅक्टर धडधडत जाईल. आणि घराघरांतून खोकला ऐकू येईल. घरात गॅस आलेला असला, तरी अंघोळीचे पाणी तापवायला पुष्कळ ठिकाणी अजून पऱ्हाट्याच पेटतात. थंड हवेत तो धूर वर न जाता अंगणातच रेंगाळतो. मग कुठे कोरडी ढास, कुठे घरघरणारा ओला खोकला, तर कुठे उबळीमागून उबळ. आणि जवळजवळ प्रत्येक आईच्या मनात एकच प्रश्न असतो : "याला औषध कोणते देऊ?"

आज आपण हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि त्याच्या आधीचा प्रश्न विचारू. हा खोकला सांगतो आहे तरी काय? मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु खोकला ही हवेच्या दाबाची, वेगाची आणि नळीच्या रुंदीची गोष्ट आहे. त्यामुळे ती समजून घ्यायला तुमचे शाळेतले विज्ञान पुरेसे आहे.

पहारा आणि सरकता पट्टा

आपण दिवसभरात हजारो लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ, धूर, परागकण, जंतू असे सारे काही आत येते. मोठे कण नाकातले केस आणि ओलसर अस्तर अडवते. त्यांतून निसटलेले कण श्वासनलिकेच्या आतल्या चिकट पातळ थराला, म्हणजे श्लेष्म्याला, चिकटतात. या थराखाली अतिसूक्ष्म केसांसारख्या लोमिका असतात. शेतातले गव्हाचे पीक वाऱ्याने जसे लहरत जाते, तशा त्या सतत एकाच दिशेने हलतात आणि मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने श्लेष्मा घशाकडे ढकलत राहतात. तो आपण नकळत गिळून टाकतो. हा सरकता पट्टा रात्रंदिवस चालू असतो.

पट्ट्यावरचा माल फार झाला, किंवा धुराने वा आजाराने लोमिकाच मंदावल्या, तर काय होणार? अशा वेळी श्वासमार्गाच्या अस्तरातील संवेदनशील तंतू जागे होतात. प्राणेशा नावाच्या मज्जातंतूमार्फत मेंदूच्या लंबमज्जा या भागाला वर्दी जाते आणि तेथून खोकण्याचा हुकूम सुटतो. गंमत अशी की, या प्राणेशेची एक बारीक शाखा कानातही जाते. म्हणून कान कोरताना काहींना ठसका लागतो!

तेव्हा खोकला हा स्वतः रोग नाही. तो सफाई करणारा झटका आहे. तसेच आत काहीतरी घडते आहे ही वर्दीही आहे.

एका खोकल्याचे गणित

खोकला तीन टप्प्यांत होतो. प्रथम आपण खोल श्वास घेतो. मग स्वरयंत्रातील फट घट्ट मिटते आणि पोटाचे व छातीचे स्नायू जोराने आवळले जातात. ही स्थिती सेकंदाचा सुमारे पाचवा भाग टिकते. तेवढ्यात छातीतील हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा पाऱ्याच्या १०० मिमी. उंचीइतका किंवा त्याहूनही अधिक होतो. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट जड आहे, म्हणजे हा दाब १३६ सेंमी. उंच पाण्याच्या स्तंभाइतका झाला. तिसऱ्या टप्प्यात फट एकदम उघडते आणि हवा स्फोटासारखी बाहेर पडते.

तिचा वेग किती असेल? मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेचा व्यास सुमारे १.८ सेंमी. धरला, तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ २.५ चौ. सेंमी. होते. निरोगी माणसाच्या जोरदार खोकल्यात हवेचा प्रवाह काही क्षण सेकंदाला ६ लिटर, म्हणजे ६,००० घन सेंमी. किंवा त्याहूनही अधिक असतो. प्रवाहाला क्षेत्रफळाने भागा. उत्तर येईल सेकंदाला २,४०० सेंमी., म्हणजे २४ मीटर. ताशी सुमारे ८६ किलोमीटर!

पण निसर्गाची युक्ती यापुढेच आहे. श्वासनलिकेला आधार देणारी कूर्चेची कडी पूर्ण वर्तुळाकार नसतात. ती घोड्याच्या नालासारखी मागे उघडी असतात आणि तेथे मऊ पडदा असतो. खोकताना बाहेरच्या दाबाने हा पडदा आत ढकलला जातो आणि नळी अरुंद होते. समजा, छेदाचे क्षेत्रफळ निम्मे झाले. तेवढाच प्रवाह निम्म्या वाटेने जायचा तर वेग दुप्पट व्हायला हवा. म्हणजे आता ताशी सुमारे १७३ किलोमीटर! बागेला पाणी देताना तुम्ही नळीच्या तोंडावर अंगठा दाबता आणि धार लांब जाते, ते हेच तत्त्व. हा वारा भिंतीला चिकटलेला श्लेष्मा खरवडून बाहेर नेतो. त्यालाच आपण बेडका म्हणतो. तोंडाबाहेर पडल्यावर मात्र हवा पसरते आणि तिचा वेग झपाट्याने घटतो. तरीही जंतूंनी भरलेले तुषार शेजाऱ्यापर्यंत पोचतातच. म्हणून खोकताना तोंडावर रुमाल किंवा हाताचा कोपरा धरायचा.

लहान मुलांनाच अधिक त्रास का?

एकाच सर्दीने वडील दोन दिवस शिंकतात आणि धाकटे बाळ मात्र रात्रभर तळमळते, असे का व्हावे? याचे उत्तर एका फ्रेंच वैद्याच्या प्रयोगांत सापडते. झां प्वाझय याने १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून द्रव कसे वाहतात, याची काळजीपूर्वक मापे घेतली. त्याला आढळले की, प्रवाह सुरळीत असेल तर नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट किंवा चौपट होत नाही, तर २×२×२×२ = १६ पट होतो.

आता हा नियम घरातल्या माणसांना लावू. सर्दीने श्वासमार्गाच्या आतल्या भिंतीला सगळीकडून १ मिमी. सूज आली असे समजा. वडिलांच्या श्वासनलिकेची त्रिज्या ९ मिमी. होती, ती ८ झाली. ९ चा चौथा घात ६,५६१ आणि ८ चा ४,०९६. भागाकार १.६. वडिलांचा अडथळा जेमतेम दीडपटीहून थोडा जास्त वाढला. तान्ह्या बाळाच्या स्वरयंत्राखालची वाट सुमारे ४ मिमी. रुंद, म्हणजे त्रिज्या २ मिमी. ती १ झाली. अडथळा १६ पट! आणि हवा सुरळीत न वाहता भोवरे करीत वाहू लागली, तर अडथळा याहूनही वाढतो.

सूज दोघांनाही सारखीच, फक्त नळी लहान. बाळाच्या छातीत त्या नळ्या पुढे आणखी बारीक होत जातात. त्यात बाळाला नीट खाकरता येत नाही, बेडका थुंकता येत नाही. म्हणून बाळाच्या खोकल्याकडे मोठ्यांच्या खोकल्यापेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते.

कान देऊन ऐका

खोकल्याचा आवाज आणि त्याची वेळ यांवरून जाणकाराला बरेच कळते. निदान डॉक्टरांनीच करायचे. पण काय ऐकले, केव्हा ऐकले, किती दिवस ऐकले, हे त्यांना नीट सांगता येणे हीदेखील मोठी मदत असते.

सर्वांत जास्त आढळणारा खोकला सर्दीपडशाचा. तो विषाणूंमुळे होतो. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे अगदी सर्वसाधारण आहे. नाकातला स्राव आडवे झाल्यावर घशात उतरतो, म्हणून हा खोकला रात्री वाढतो. तो आपोआप बरा होतो, पण पूर्ण थांबायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. म्हणून येथे त्यांचा उपयोग नाही.

कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला रात्री एकाएकी सुरू झाला, आवाज बसला आणि श्वास आत घेताना घोरल्यासारखा आवाज येऊ लागला, तर सूज स्वरयंत्रापाशी आहे असे समजावे. सहा महिने ते तीन वर्षे या वयात हे विशेष आढळते. मूल शांत असतानाही तो आवाज येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

उबळीमागून उबळ, चेहरा लालनिळा, आणि शेवटी आत ओढलेल्या श्वासाचा 'हूऽप' असा आवाज आला, तर तो डांग्या खोकला. त्याचा जीवाणू बोर्दे आणि झांगू या शास्त्रज्ञांनी १९०६ साली वेगळा काढून दाखविला. फार लहान बाळांत हा 'हूप' ऐकूच येत नाही, उलट श्वास मध्येच थांबतो. म्हणून तो त्यांना अधिक घातक आहे. याविरुद्धची लस आपल्याकडे ६, १० आणि १४ आठवड्यांना मोफत देतात. पुढे १६ ते २४ महिन्यांत आणि पाचव्या-सहाव्या वर्षी वर्धक मात्रा असते.

श्वास सोडताना छातीतून शीळ वाजत असेल, खोकला पहाटे, धावल्यावर, धुळीत किंवा धुरात वाढत असेल आणि पुन्हा पुन्हा येत असेल, तर दम्याचा विचार करावा लागतो. येथे बारीक नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. चुलीचा धूर या मुलांचा मोठा वैरी. चूल वापरावीच लागत असेल, तर निदान ती उघड्यावर असावी आणि मुलांना तिच्यापासून दूर ठेवावे.

चांगले खेळणारे मूल अचानक ठसका लागून खोकू लागले, तर त्याच्या हातात काय होते ते पाहा. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, बटण! उजव्या फुप्फुसाकडे जाणारी नळी अधिक रुंद आणि अधिक सरळ उभी असल्याने गिऱ्हाईक बहुधा तिकडेच घसरते. ठसका काही वेळाने थांबतो आणि सगळ्यांना वाटते, सुटलो. पण दाणा आत असतो. शेंगदाणा क्ष-किरण चित्रात दिसतही नाही. म्हणून 'दाणे खाताना ठसका लागला होता' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. घशात आंधळेपणाने बोट घालू नये, दाणा आणखी खाली जातो. मात्र आवाजच फुटत नसेल, श्वासच घेता येत नसेल, तर एक क्षणही न घालविता मदत हवी. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे न देणे हेच उत्तम.

आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, सोबत ताप असेल, वजन घटत असेल किंवा घरात कोणाला क्षयरोग असेल, तर तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत होते.

बाटलीतील गोड औषध

'दुकानातून खोकल्याची बाटली आण' असे तुम्हांला कोणी सांगितले असेल. येथे थोडे थांबू या. खोकला दाबणारे औषध मेंदूकडे गेलेली वर्दी दडपते. आत साचलेला श्लेष्मा तेथेच राहतो. नळी अरुंद, लोमिका थकलेल्या, आणि आता झटकाही बंद! काही औषधांनी लहान मुलांना गुंगी येते आणि त्यांचा श्वास मंदावतो.

याशिवाय आणखी एक धोका असतो. पातळ औषधांत गोडी आणि दाटपणा आणण्यासाठी ग्लिसरीन किंवा त्यासारखी द्रव्ये वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हा औद्योगिक द्रवही रंगहीन, दाट आणि गोडसरच असतो. डोळ्यांना आणि जिभेला फरक कळत नाही, पण तो मूत्रपिंडे निकामी करतो. अमेरिकेत १९३७ साली असा द्रव वापरलेल्या औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली. आणि २०२५ साली आपल्या विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक लहान मुले खोकल्याच्या औषधाने मृत्युमुखी पडली. त्यांतली बरीचशी उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. त्या औषधाच्या नमुन्यात हा विषारी द्रव जवळजवळ निम्मा निघाला. कायद्याने चालणारी मर्यादा आहे ०.१ टक्का!

यातली बहुतेक मुले साध्या सर्दीखोकल्याने आजारी होती. न देताही चालले असते असे औषध त्यांना दिले गेले, ही गोष्ट विसरता येत नाही. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सूचना काढली : दोन वर्षांखालील मुलांना सर्दीखोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीलही मुलांना सहसा देऊ नयेत.

मग करायचे काय? कोमट पाणी, पेज, वरणाचे पाणी असे पातळ पदार्थ थोडे थोडे देत राहावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचे दूध वारंवार द्यावे. नाक साफ ठेवावे. एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध दिल्यास घशाला आराम पडतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून क्वचित एक घातक जंतुविषबाधा होऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बाळाचा श्वास मोजावा.

श्वास मोजा

सर्दीखोकल्याच्या शंभर बाळांत न्यूमोनिया झालेले बाळ ओळखायचे कसे? खोकला किती मोठा आहे यावरून ते कळत नाही. न्यूमोनियात फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्या द्रवाने भरतात. फुप्फुस ताठर होते आणि दर श्वासाला आत जाणारी हवा कमी होते. येथेही साधा गुणाकार आहे. समजा, एक वर्षाचे बाळ एका श्वासात ७० मिलिलिटर हवा घेते आणि मिनिटाला ३० श्वास घेते. ७० × ३० = २,१०० मिलिलिटर. आता एका श्वासात ४५ मिलिलिटरच हवा मावू लागली, तर तेवढ्याच हवेसाठी किती श्वास हवेत? २,१०० भागिले ४५, म्हणजे सुमारे ४७. शरीर हा हिशेब आपोआप करते आणि श्वास जलद होतो.

या साध्या गोष्टीचा उपयोग आपल्या महाराष्ट्रातच करून दाखविला गेला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ साली ५८ गावांत काम सुरू केले. गावातलेच आरोग्यसेवक आणि सुइणी यांना श्वासावरून न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकविले. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, तर या गावांत ८.१. म्हणजे निम्म्याहूनही कमी!

पण ज्या सुईणीला पन्नासपर्यंत मोजता येत नाही, तिने काय करायचे? त्यासाठी एक छोटेसे उपकरण बनविले गेले : एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. बाराखडी न येणाऱ्या बाईच्या हाती विज्ञानाचे एक नेमके माप आले.

हे करून पाहा

हे उपकरण तुम्हीही वर्गात बनवू शकता. तीन दोरे घ्या. पहिल्यात सहा मणी ओवा आणि सहावा लाल ठेवा. तो दोन महिन्यांखालील बाळासाठी. दुसऱ्यात पाच मणी, पाचवा लाल; तो दोन महिने ते एक वर्षाच्या बाळासाठी. तिसऱ्यात चार मणी, चौथा लाल; तो एक ते पाच वर्षांच्या मुलासाठी. म्हणजे मिनिटाला अनुक्रमे ६०, ५० आणि ४० किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत.

मोजताना मूल शांत किंवा झोपलेले असावे. ते रडत किंवा दूध पीत असताना मोजू नये. अंगावरचा कपडा वर करून पोट किंवा छाती पाहा. एकदा वर आले की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका. लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो, म्हणून पूर्ण मिनिट मोजा. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. तरीही जास्तच आला, तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध-पाणी घेत नसेल, फार सुस्त असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर मोजत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

शिक्षकांनी वर्गाकडून एक तक्ता करून घ्यावा. प्रत्येकाने घरातील सर्वांचे विश्रांतीतले श्वास मोजावेत आणि वयाप्रमाणे मांडावेत. वय वाढते तसा आकडा कसा उतरतो, हे आलेखावरून स्पष्ट दिसेल. तो का उतरतो, याचा विचार मात्र तुम्ही स्वतः करा. फुप्फुसात मावणारी हवा आणि आताच केलेला गुणाकार आठवलात, तर उत्तर फार दूर नाही.